लिपिक मिळावा, ही विनंती

पेनाचं टोपण काढायचं, पेन समोरच्यापुढे ठेवायचं आणि टोपण मात्र स्वतःच्या मुठीत धरून बसायचं. मग सावकाश म्हणायचं, "नाही तर नाही. पण लेखी द्या."

सरकारी कचेरीच्या बाकावर तुम्हीही कधी तासन्‌तास बसला असाल, तर तिथे येणाऱ्या माणसांचे प्रकार तुम्हाला ठाऊक असतील. आवाज चढवणारी पुष्कळ असतात, रडणारी त्याहून जास्त. दोन्हींची सवय होते. पण न ओरडता, न रडता नुसतं पेन पुढे सरकवणारं माणूस आलं की खुर्चीवरच्याला घाम फुटतो. मला फुटायचा. खुर्चीवरचा मीच होतो.

अंबरनाथ पूर्वेच्या एका सरकारी शाळेत मी लिपिक आहे. आमच्याकडे लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात. घरी मला इतक्या आदराने कुणी हाक मारत नाही, त्यामुळे निवृत्तीपर्यंत नोकरी सोडायची नाही एवढं एक मी आयुष्यात ठामपणे ठरवलेलं आहे.

ती बाई पहिल्यांदा आली ती मुलीला घेऊन, आठवीच्या प्रवेशासाठी. मुलगी प्रणाली. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय आत वळलेले, हात सतत थरथरणारे, शब्द जड आणि सुटे सुटे. आईने तिला रिक्षातून उतरवून, कमरेला हाताचा विळखा घालून आत आणलं आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसवलं. मी कागद चाळत होतो. मुलगी काहीतरी बोलू लागली. एकेक शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागत होता, आणि मी आपला चेहऱ्यावर कणव आणून मान हलवत होतो. शेवटी आईनेच सांगितलं, "ती बोलते, भाऊसाहेब, तुमचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे."

मी वळून पाहिलं. होतं.

मुख्याध्यापिका मॅडम वाईट नव्हत्या. हे मी त्या अजून माझ्या वरिष्ठ आहेत म्हणून लिहीत नाही. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघा ताई, आठवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर. हिला जिना जमायचा नाही. हिच्यासाठी वेगळ्या शाळा असतात, तिथे जास्त लक्ष देतात. तुमच्या भल्यासाठी सांगते."

बाईने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून झेरॉक्स कागदांचा गठ्ठा काढला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. गावोगाव फिरणाऱ्या एका विशेष शिक्षिकेने तिला तो मराठीत मिळवून दिला होता. स्वतः सातवी शिकलेली, पण ओळीखाली बोट ठेवून तिने वाचून दाखवलं, की अशा मुलाला शाळेने इतर मुलांबरोबर शिकवायचं, आणि त्यासाठी लागेल ती सोयही शाळेनेच करायची. मग पेन काढलं. टोपण मुठीत गेलं.

"तुमची शाळा घेत नाही, तर नाही, मॅडम. पण लेखी द्या."

मॅडमनी पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आठवीचा वर्ग तळमजल्यावर आला. तळमजल्यावर तेवढी मोठी खोली एकच होती, ती माझी. म्हणजे कायद्याचा पहिला फटका मलाच बसला. कपाटं, टेबल, सर्व्हिस बुकं आणि ऐंशी किलोचा मी, असे सगळे वर गेलो. पुढची तीन वर्षं, म्हणजे प्रणालीचा वर्ग आठवी, नववी, दहावी असा त्याच खोलीत राहीपर्यंत, दर पायरीला मी त्या बाईला मनात काहीतरी बोलून घेतलं आहे. घरी बायकोला सांगितलं, तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "डॉक्टर दोन वर्षं सांगत होते चढउतार करा म्हणून, ऐकलं नाहीत. शेवटी कायदा करावा लागला तुमच्यासाठी."

बाई उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या एका कारखान्यात धागे कापायला जायची. शिवून आलेल्या पॅंटींचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापत दिवसभर बसायचं. राहायला पालेगावला, नव्या टॉवरांच्या मागे उरलेल्या एका चाळीत. तिच्या बोटांना जीन्सची निळाई कायमची लागलेली असायची, आणि ती तशीच कायद्याच्या कागदांवर उतरायची. कुठलं कलम किती वेळा कामाला आलं, ते समासातल्या निळ्या अंगठ्यांवरून सांगता यायचं. शाळेने कोणत्या सोयी करायच्या ते सांगणाऱ्या सोळाव्या कलमाचं पान तर जवळजवळ आकाशासारखं दिसायचं.

मुलींच्या संडासात धरायला दांडी बसली ती त्या पानामुळे. सहलीच्या वेळी वर्गशिक्षक म्हणाले, "हिला नको, जबाबदारी कोण घेणार?" तेव्हाही पेन टेबलावर आलं, आणि प्रणाली सहलीला गेली. बसच्या पायरीवर आईनेच तिला उचलून चढवलं, आणि बस वळेपर्यंत ती रस्त्यात उभी राहिली. मुलगी परत आली तेव्हा आईने सरांना विचारलं, "काय झालं का?" सर म्हणाले, "झालं ना. अंताक्षरीत तिने आम्हाला हरवलं. तिचं गाणं सुरू होऊन संपेपर्यंत वेळ संपायचा."

आमच्या घरातही ते वाक्य शिरलं. माझ्या मुलीला रात्री मोबाइल ठेव म्हटलं की ती म्हणायची, "बाबा, लेखी द्या." बायकोने तर त्याची म्हणच केली. मी भाजी आणायचं कबूल केलं की, "लेखी द्या."

एकदा बाई वर येऊन बसली तेव्हा मला दम लागलेला होता, नुकताच चढून आलो होतो. म्हणाली, "बसा आधी, भाऊसाहेब. घाई नाही मला." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "कायदा चांगला आहे हो. पण तो आपल्या पायाने नाही चालत. रोज कडेवर घेऊन जावं लागतं."

मी हसलो. ती हसली नाही.

दहावीचं वर्ष लागलं. प्रणालीला उत्तरं येत होती, हाताला येत नव्हती. एक ओळ लिहायला तिला पाच मिनिटं लागायची आणि कागद फाटायचा. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो. परीक्षा देणाऱ्याने सांगायचं, लेखनिकाने लिहायचं. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, आणि पेपराला जादा वेळ मिळतो. बाईने लेखनिकही शोधून ठेवली होती, चाळीतलीच आठवीतली तन्वी. प्रणालीचे जड शब्द घरच्यांखेरीज त्या एका मुलीला पहिल्या फटक्यात कळायचे. तन्वी डावा कान तिच्याकडे करून बसायची आणि हात चालू ठेवायची.

शाळेने फक्त परवानगीचा प्रस्ताव पाठवायचा होता. शाळेने म्हणजे मी.

आता माझा मूर्खपणा सांगतो. गेली पंधरा वर्षं दर ऑगस्टमध्ये मी एक पत्र वरच्या कचेरीत पाठवत आलो आहे. कामाचा व्याप पाहता या शाळेस आणखी एक लिपिक मिळावा, ही विनंती. पद काही मिळत नाही, पण बोटांना ते वाक्य पाठ झालं आहे. त्या दुपारी मी दोन्ही पत्रं एकापाठोपाठ टाइप केली. पहिलं नेहमीचं. दुसरं असं : कु. प्रणाली हिस हाताने लिहिता येत नसल्याने, दहावीच्या परीक्षेकरिता लिपिक मिळावा, ही विनंती.

लेखनिक नव्हे. लिपिक.

मॅडमनी सही केली. मी शिक्का मारला. शिक्का मारताना माणूस वाचत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

जानेवारीत उत्तर आलं. "सदर शाळेस अतिरिक्त लिपिकाचे पद अनुज्ञेय नाही. सबब प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे." मला वाटलं, हे नेहमीच्या पत्राला आलंय. मग विषयाच्या ओळीत प्रणालीचं नाव दिसलं. खोटं कशाला बोलू, मला आधी हसू आलं. वर बसलेल्या माझ्याच एखाद्या जातभाईनेही न वाचताच शिक्का मारला होता. ते हसू किती वेळ टिकलं ते सांगण्यासारखं नाही.

मी ते पत्र खणात ठेवलं. त्याच दिवशी दुरुस्त केलेला नवा प्रस्ताव पाठवला, आणि कुणाला काही बोललो नाही. वाटलं, पंधरा दिवसांत होऊन जाईल, कुणाला कळायचंही नाही.

बाई दर शनिवारी यायची. "आलं का, भाऊसाहेब?"

"प्रोसेसमध्ये आहे."

हा शब्द फार सोयीचा आहे. इंग्रजी असल्यामुळे त्यातलं खोटं पटकन दिसत नाही.

या कामासाठी माझ्यासमोर तिने पेन काढलं नाही, हे मला त्या दिवसांत जास्त टोचत होतं. एका शनिवारी तिने जवसाच्या चटणीची बाटली आणली. म्हणाली, "हे एक काम तुमच्याकडे आहे म्हणून मी निवांत आहे. बाकी ठिकाणी मला जावं लागतं." बायकोने चटणी चाखली आणि म्हणाली, "बाईच्या हाताला चव आहे. तुम्ही का खात नाही?" मी म्हटलं, पित्त झालंय.

पहिल्या पेपराला तीन दिवस उरले आणि परवानगी आली नाही, तेव्हा मी तिला खाली जाऊन गाठलं. वर बोलावलं असतं तर टेबल मध्ये आलं असतं, पण त्या दिवशी टेबलामागे बसायची माझी हिंमत नव्हती. वर्गाच्या दाराशी उभ्या उभ्याच पत्र तिच्या हातात दिलं. तिने बोट ठेवून वाचलं. लिपिक या शब्दाशी बोट थांबलं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या मुलीसाठी नोकरी मागितली?"

मी म्हटलं, "चूक झाली."

"तारीख जानेवारीची आहे."

"हो."

"जानेवारीतच मला सांगितलं असतं तर मी तिथे जाऊन बसले असते. एका दिवसात आणलं असतं. शेठने सुट्टी दिली नसती तरी बसले असते." आवाज चढला नव्हता. "मला का नाही सांगितलं?"

लाज होती, आणि नोकरीची थोडी भीती होती. पण खरं सांगायचं, तर ती बाई त्या पेनासकट माझ्यासमोर बसेल, या कल्पनेनेच मी गप्प राहिलो होतो.

"चूक कुणाची ते लेखी द्या," ती म्हणाली. "त्या कचेरीच्या साहेबांना दाखवते. आज जाते."

मी वर जाऊन लिहून आणलं. कचेरीत अशा वेळी जे वाक्य वापरतात तेच वापरलं. 'सदर प्रस्तावात नजरचुकीने लेखनिक या शब्दाऐवजी लिपिक असे नमूद झाले आहे.' तिने वाचलं.

"कुणाच्या नजरेची?"

"अं?"

"नजरचूक कुणाच्या नजरेची? इथे नाव नाही कुणाचं. आपोआप झालंय सगळं."

मी पेन घेतलं आणि नजरचुकीच्या आधी 'माझ्या' असं लिहिलं. वर बाण काढून. खाली सही केली. वीस वर्षांच्या नोकरीत मी कर्त्यासकट लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

ती त्याच दिवशी गेली आणि दुसऱ्या दिवशीही गेली. साहेब बैठकीला बाहेरगावी होते, आणि सही त्यांचीच लागत होती. तिसऱ्या दिवशी रविवार.

पहिला पेपर मराठीचा. मी केंद्रावर गेलो होतो, रजा टाकून. बाई, प्रणाली आणि पॅड छातीशी धरलेली तन्वी, तिघी फाटकाशी उभ्या होत्या. केंद्रसंचालक माणूस तरुण होता, अदबीने वागत होता. "परवानगीपत्र नाही, तर लेखनिकाला मी आत नाही घेऊ शकत, मावशी. मुलीला बसू दे. जमेल तेवढं तिला लिहू दे."

मी म्हटलं, "साहेब, चूक शाळेची आहे. दोन दिवसांत पत्र येतंय."

"येईल ना, मग त्या पेपरपासून घेऊ."

बाईने पेन काढलं. टोपण मुठीत धरलं. "नाही तर नाही. पण लेखी द्या."

आणि त्याने दिलं. तिथेच भिंतीला कागद टेकवून, स्वच्छ अक्षरात, तारीख आणि वेळ घालून. परवानगीपत्र सादर न केल्याने लेखनिकास प्रवेश नाकारण्यात येत आहे. खाली सही, हुद्दा, शिक्का. त्याला घाबरायचं कारण नव्हतं. कागद त्याच्या बाजूने होते.

इतक्या वर्षांत कुणीतरी तिला नकार पहिल्यांदाच लेखी दिला होता. तो कागद हातात आल्यावर त्याचं काय करायचं, ते तिला कळेना. तिने तो उलटा करून पाहिला. फोल्डरमध्ये ठेवायला गेली, ठेवला नाही. शेवटी चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि मुलीचे केस कानामागे सारले. "जा. होईल तेवढं कर."

प्रणाली तासाभराने बाहेर आली. शिपायाने तिला धरून आणलं. बोटांना शाई, बाहीला शाई. ती आईजवळ थांबली नाही. माझ्यासमोर थांबली आणि बोलायला लागली. या वेळी मी मान हलवली नाही, वाट पाहिली.

"भाऊसाहेब... मी... दोन ओळी... लिहिल्या. शुद्धलेखन... बरोबर आहे."

परवानगी दोन दिवसांनी आली. लेखनिक हा शब्द त्यात तीनदा होता. पुढचे सगळे पेपर तन्वीने लिहिले, आणि गणितात प्रणालीला वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त मार्क पडले. मराठी मात्र सवलतीचे गुण धरूनही राहिली.

गुणपत्रक घ्यायला बाई एकटीच आली. जुलैची फेरपरीक्षा आहे, सगळी परवानगी मी आधीच काढून ठेवतो, तोवर एक विषय राहिला तरी अकरावीला प्रवेश मिळतो, असं मी भडाभडा सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"एका कॉलेजात विचारून आले. अकरावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट मुलांसाठी नाही बोलले."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही." तिने गुणपत्रक फोल्डरमध्ये ठेवलं. "प्रणाली नको बोलते, भाऊसाहेब. परत परीक्षा नको, त्या केंद्राच्या फाटकात नको. आई, तू भांडतेस आणि सगळे माझ्याकडे बघतात, असं बोलली."

"लहान आहे अजून. तुम्ही समजवा तिला."

"सगळ्यांनाच समजावत आले मी. मॅडमना, सरांना, साहेबांना. घरात पण तेच करू? तिने नाही म्हटलं, तर निदान मी तरी ऐकायला पाहिजे ना?" मग उठता उठता म्हणाली, "फॉर्म भरून ठेवा. बघू. मुलीचं मन आहे, बदलतं पण."

मी फॉर्म भरला. प्रस्ताव तीनदा वाचला, बायकोकडून वाचून घेतला. तळमजल्यावरची खोली, जादा वेळ, लेखनिकाचं नाव, सगळं महिनाभर आधी मंजूर होऊन आलं. ते पत्र आणि हॉल तिकीट घेऊन पालेगावला गेलो, तर खोलीला नवी माणसं होती. शेजारीण म्हणाली, "त्या गेल्या बदलापूरला, शिरगावला. तिच्या बहिणीकडे. इथलं कामपण सोडलं." फोन लागला नाही. शिरगावला दोन रविवार फिरलो. तिथे इमारती इतक्या झाल्यात, की नुसतं नाव घेऊन विचारत फिरणाऱ्याला वॉचमन संशयाने बघतात. तन्वीकडे निरोप ठेवला. ती म्हणाली, "काका, मी जाईन पेपरला. ती आली तर?"

फेरपरीक्षेला मी पुन्हा केंद्रावर गेलो. साडेदहा ते अकरा फाटकात उभा राहिलो. रिक्षा आली की पुढे व्हायचो. दुसऱ्याच कुणाची तरी मुलं उतरायची, पॅड आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत आत जायची. अकराची घंटा झाली. फाटक बंद झालं.

आतून पर्यवेक्षिका बाई मला बोलवायला आल्या. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांनी प्रणालीसाठी उघडली होती. टेबल नीट पुसलेलं, पंखा चालू, दाराच्या उंबऱ्यावर फळी टाकून उतार केलेला. दोन खुर्च्या जवळजवळ लावलेल्या. घड्याळाखाली फळ्यावर खडूने दोन वेळा लिहिल्या होत्या, इतरांची सुटण्याची आणि तिची, जादा मिनिटं धरून. कायद्यात लिहिलेली एकूण एक सोय त्या खोलीत होती.

पर्यवेक्षिकेने हजेरीपत्रक माझ्यापुढे धरलं. "लेखनिक हजर आणि परीक्षार्थी गैरहजर. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, भाऊसाहेब?"

मी खोलीत पाहिलं. तन्वी तिच्या खुर्चीत बसली होती. पॅडवर कोरा कागद, हातात पेन, आणि डावा कान शेजारच्या खुर्चीकडे.